चार भोकांची चौकट: रीलचं माप ठरतं कुठून?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' जमतील तेवढे काढलेत. सगळे निघाले नाहीत, सांभाळून घ्या.)



मागच्या भागानंतर एकाने मेसेज केला होता. "दादा, रीलला १०८० बाय १९२०च का? पोस्टला १०८० बाय १३५०च का? हे आकडे ठरवतं कोण?" मी उत्तर टाइप करायला घेतलं, ते वाढतच गेलं. शेवटी म्हटलं, यावर एक अख्खा भागच करू. उत्तर शोधत मागे गेलो तर इन्स्टाग्रामच्या पलीकडे टीव्ही निघाला, टीव्हीच्या पलीकडे सिनेमा, आणि सिनेमाच्या मुळाशी फिल्मच्या काठावरची चार भोकं.

पण त्याआधी माझी एक चूक सांगतो. या विषयात मला रस लागला तो त्या चुकीमुळे.

वीस बाय दहाचा बॅनर

इंजिनिअरिंगला असताना मी नांदेडमध्ये एका फ्लेक्सच्या दुकानात संध्याकाळी डिझाइनचं काम करायचो. पॉकेटमनी सुटायचा. नांदेडमध्ये राहिलेल्यांना माहितीय, आयटीआय चौक असो की तरोडा नाका, वर मान केली की कुणाचा तरी वाढदिवस असतोच. बॅनरची रचना ठरलेली. वर नेत्यांचे फोटो, मध्ये वाढदिवसवाले भाऊ गॉगल लावून, आणि खाली एका ओळीत शुभेच्छुक.

एकदा असाच वीस फूट बाय दहा फुटांचा बॅनर केला. खाली चोवीस शुभेच्छुक. प्रत्येकाने वर्गणी दिलेली. रात्री अकराला फोन आला, "व्हॉट्सॲपला टाकायला चौकोनी करून दे." मी घाईत होतो. कोरल ड्रॉमधून इमेज काढली, मधला चौकोन कापला, पाठवून दिला. भाऊ मधोमध छान दिसत होते. काम संपलं.

आता गणित बघा. वीस बाय दहा म्हणजे २:१. त्यातून मधला चौकोन काढला की बरोब्बर अर्धं चित्र जातं. चोवीसपैकी बारा चेहरे गेले, डावीकडचे सहा आणि उजवीकडचे सहा. भाऊंचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पोरगा दुकानात आला. माझ्याच वयाचा असेल. मोबाइल पुढे केला.

"दादा, मी कुठाय यात?"

मी म्हटलं, "अरे, बॅनरवर आहेस की. कोपऱ्यात."

"बॅनर चौकात हाय, दादा. माझी माय मुखेडला हाय. तिला मी हेच दाखवणार होतो. पाचशे रुपये दिले मी."

मी लगेच नवीन करून दिला, सगळे चोवीस बसवून. पण पहिला चौकोन रातोरात सगळ्या ग्रुपमध्ये फिरलेला होता, आणि वाढदिवस उलटल्यावर दुसरा कोण बघतो? पोरगा भांडला नाही. "राहू द्या" म्हणाला आणि गेला. भांडला असता तर मी विसरलो असतो कदाचित.

तेव्हापासून कुठलंही माप बदलताना मला एकच प्रश्न पडतो: यात काठावर कोण होतं? आणि हा प्रश्न फ्लेक्सच्या आधीपासूनचा आहे.

पोथी आडवी का असते?

आजोबांच्या देवघरातली पोथी आठवा. आडवी, लांबट, सुटी पानं. पुस्तकासारखी उभी नाही. कारण जुन्या काळी लिहायचे ताडपत्रावर, आणि ताडाचं पान लांब आणि अरुंद असतं. लिहिणाऱ्याला मजकूर कसाही हवा असो, पान जेवढं तेवढीच ओळ. पुढे कागद आला. कागद कसाही कापता येतो. तरी पोथी आडवीच राहिली, पुढे छापखान्यातूनही आडव्याच पोथ्या निघाल्या. ताडपत्र गेलं, त्याचा आकार मागे राहिला.

आणि उभं स्क्रोल करणं नवीन वाटत असेल तर घरातली जुनी जन्मपत्रिका काढा. हातभर लांब कागद, गुंडाळी केलेला. वरून उलगडत खाली जायचं. आपल्या पणजोबांच्या ग्रहांची फीडच ती.

यातून एक नियम हाताला लागतो. चौकटीचा आकार चित्र ठरवत नाही. त्या काळातलं साधन ठरवतं. साधन बदलल्यावरही आकार सवयीने टिकतो. आता हाच नियम घेऊन सिनेमाकडे जाऊ, कारण तुमच्या मोबाइलची वंशावळ तिकडून येते.

एडिसनच्या कारखान्यातली चार भोकं

साधारण १८९२. अमेरिकेत थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन नावाचा माणूस हलत्या चित्रांच्या यंत्रावर काम करत होता. ईस्टमन कंपनीची फिल्म मिळायची ती ७० मिलिमीटर रुंद. ती मधोमध उभी चिरली, झाली ३५ मिलिमीटर. फिल्म यंत्रातून सरकायला दोन्ही काठांना भोकं हवीत. दातेरी चाक त्या भोकांत अडकून फिल्म ओढतं. डिक्सनने एका चित्रामागे दोन्ही बाजूंना चार-चार भोकं ठेवली.

चार भोकांच्या उंचीत जेवढं बसतं ती चित्राची उंची, साधारण पाऊण इंच. दोन्ही बाजूंची भोकं सोडून जी जागा उरते ती रुंदी, साधारण एक इंच. एकाला पाऊण म्हणजे ४:३. हेच ते प्रमाण. पुढे १९०९मध्ये निर्मात्यांनी हेच माप जगभरासाठी मान्य केलं.

आता तुमच्या मोबाइलचा कॅमेरा उघडा. रेशो न बदलता साधा फोटो काढा. बहुतेक फोनमध्ये तो ४:३ निघेल. दातेरी चाक नाही, फिल्म नाही, भोकं नाहीत. आकार तोच. पोथीसारखंच झालं हे.

सरस्वतीबाईंची भोकं

ही चार भोकं महाराष्ट्रात कशी आली, ती गोष्ट मला सगळ्यात आवडते.

मुंबईत ७ जुलै १८९६ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. १८९९मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. मराठी माणसाने कॅमेऱ्यातून पहिली काय टिपली तर कुस्ती! बरंच काही कळतं त्यावरून.

मग आले दादासाहेब फाळके. १८७०चा जन्म, त्र्यंबकेश्वरचे. फोटोग्राफी केलेली, छपाईचा धंदा केलेला. १९१२च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, सिनेमाचं तंत्र बघून आले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला. आणि त्यासोबत आणखी एक यंत्र लागलं, भोकं पाडायचं.

कारण कच्ची फिल्म यायची ती कोरी. काठांना भोकं नसलेली. ती आपली आपण पाडायची. आणि फिल्मला उजेड लागला की ती गेली, म्हणून हे काम अंधारात करायचं.

हे काम केलं सरस्वतीबाई फाळक्यांनी. दादासाहेबांनी पत्नीला फिल्मला भोकं पाडायला आणि फिल्म धुवायला शिकवलं. दिवसा दादरला शूटिंग, सगळ्या युनिटचं जेवण घरचं, आणि त्यावर हे अंधारातलं काम. परेश मोकाशींचा २००९चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघितला असेल तर हे घर तुमच्या डोळ्यासमोर येईल.

मी इंजिनिअर माणूस, मला आकडे लागतात. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. एका चित्राला दोन्ही काठांची मिळून आठ भोकं. ३,७०० गुणिले १६ गुणिले ८: चार लाख ७३ हजार ६०० भोकं. पडद्यावर दाखवली तेवढ्याच फिल्मचा हा हिशेब. वाया गेलेली, पुन्हा शूट केलेली वेगळी.

३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. लोकांनी चौकटीतला राजा बघितला. भोकं चौकटीच्या बाहेर होती, त्यामुळे पडद्यावर ती कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. पण त्यांच्याशिवाय चित्र एक इंचही हललं नसतं.

सरस्वतीबाईंचं नाव आपल्यातल्या किती जणांना शाळेत शिकवलं होतं? मला तरी नाही. काठावरच्या माणसाचं हे असं होतं.

आवाजाने जागा मागितली

पुढे बोलपट आले. मराठीतला पहिला बोलपट प्रभातचा 'अयोध्येचा राजा', १९३२, व्ही. शांताराम दिग्दर्शक. गंमत बघा, पहिला मूकपट हरिश्चंद्रावर आणि पहिला मराठी बोलपटही हरिश्चंद्रावरच.

आता आवाज साठवायचा कुठे? पद्धत निघाली ती फिल्मवरच, चित्राच्या शेजारी एक अरुंद पट्टी ठेवायची. साधारण अडीच मिलिमीटरची. पण ३५ मिलिमीटर तर भरलेले होते. म्हणून पट्टीला जागा चित्रातून कापून दिली. चित्र अरुंद झालं, जवळजवळ चौकोनी दिसायला लागलं. मग १९३२मध्ये अमेरिकेतल्या अकॅडमीने, हो, ऑस्करवाल्याच, उंचीही थोडी कमी करून १.३७:१ हे प्रमाण ठरवलं. जुन्या ४:३च्या जवळच नेऊन ठेवलं परत.

आज रीलवर खाली कॅप्शन, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं येतात आणि चित्राची जागा खातात. नव्वद वर्षांपूर्वी आवाजाने तेच केलं होतं.

टीव्हीच्या पेटीत न मावणारे

टीव्ही आला तेव्हा त्याने सिनेमाचंच ४:३ उचललं. मग सिनेमावाल्यांना प्रश्न पडला: घरी तोच आकार फुकट मिळत असेल तर लोक थिएटरला कशाला येतील? उत्तर: पडदा रुंद करा. १९५३मध्ये हॉलीवूडने सिनेमास्कोप आणला. लेन्सने रुंद दृश्य आडवं दाबून त्याच चार भोकांच्या चौकटीत भरायचं आणि थिएटरमध्ये उलट्या लेन्सने पसरवायचं. म्हणजे फिल्म तीच, भोकं तीच, पडदा जवळजवळ दुप्पट रुंद. आपल्याकडे १९५९चा गुरुदत्तचा 'कागज के फूल' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. १५ ऑगस्ट १९७५ला 'शोले' आला तो ७० एमएममध्ये.

हे सगळं पुढे टीव्हीवर आलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं होतं, आणि पुढच्या काळात गावागावात एका टीव्हीसमोर अख्खी गल्ली बसायला लागली. रुंद सिनेमा चौकोनी पेटीत घालायचे दोनच मार्ग. वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवायच्या, नाहीतर दोन्ही बाजू कापायच्या. काळ्या पट्ट्या आल्या की लोकांना वाटायचं टीव्ही बिघडला. म्हणून बाजू कापायचे. पडद्याच्या दोन टोकांना उभे राहून दोघं भांडतायत, आणि टीव्हीवर काय? मधली भिंत. फार तर एकाचं नाक, दुसऱ्याचा कान.

घरच्यांना विचारा, आठवत असेल. त्यांना वाटायचं सिनेमाच तसा आहे. कापलेलं आहे हे बघणाऱ्याला कळत नाही, ही यातली वाईट गोष्ट. माझ्या चौकोनी बॅनरमध्येही बारा चेहरे कमी आहेत हे त्या बारा जणांशिवाय कुणाला कळलं?

१६:९ म्हणजे तडजोड

१९८०च्या दशकात हाय डेफिनिशन टीव्हीचं माप ठरवायची वेळ आली. कर्न्स पॉवर्स नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने एक साधी गोष्ट केली. तेव्हा चालणारी सगळी प्रमाणं घेतली, ४:३पासून रुंद सिनेमास्कोपपर्यंत. प्रत्येकाचा सारख्या क्षेत्रफळाचा आयत कापला आणि सगळे एकावर एक मध्य जुळवून ठेवले. सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत निघाला १.७७:१. सगळ्यांत सामाईक असलेला आतला आयत, तोही १.७७:१. हेच १६:९.

कॅल्क्युलेटर काढा. १.३३ला २.३५ने गुणा आणि वर्गमूळ घ्या. १.७७ येतं.

म्हणजे १६:९ हे कुणाचंच माप नव्हतं. कुठलाही सिनेमा त्या काळी १६:९साठी काढलेला नव्हता. सगळ्यांचं थोडं थोडं नुकसान करणारी ती तडजोड होती, आणि म्हणूनच टिकली. २००५ला सुरू झालेलं यूट्यूबही आधी ४:३ होतं. नोव्हेंबर २००८मध्ये त्यांनी प्लेअर रुंद केला. रुंद टीव्हीचं ठरलं १९२० बाय १०८०. हे आकडे ओळखीचे वाटतायत? थांबा, येतोच तिकडे.

आग्फा क्लिक, लायका आणि नीटचा फोटो

आतापर्यंत हलत्या चित्रांचं झालं. पण आपण पोस्ट टाकतो त्या फोटोंची मापं वेगळ्या वाटेने आली.

१९२५मध्ये जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला. ऑस्कर बारनॅकने सिनेमाची तीच ३५ मिलिमीटर फिल्म साध्या कॅमेऱ्यात आडवी घातली आणि सिनेमाच्या दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. चारऐवजी आठ भोकं. झालं ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ३:२. स्टुडिओत मिळणारी सहा बाय चार इंचांची प्रिंट याच प्रमाणात आहे.

आणि इथे लातूर-नांदेडचा थेट संबंध येतो. नीटच्या अर्जासाठी पासपोर्ट साइजसोबत पोस्टकार्ड साइज, म्हणजे चार बाय सहा इंचांचा फोटो मागितला गेलेला आहे. सूचना असते: पांढरा बॅकग्राउंड, ८० टक्के चेहरा, दोन्ही कान दिसले पाहिजेत. अर्जाच्या दिवसांत औसा रोडच्या झेरॉक्स दुकानांसमोर जी रांग लागते त्यातली निम्मी पोरं मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन आलेली असतात.

मोबाइलचा उभा फोटो ३:४. कागद ४ बाय ६, म्हणजे २:३. कागद पूर्ण भरायचा तर रुंदीतला नववा भाग कापावा लागतो. जवळून काढलेल्या फोटोत रुंदीच्या काठाला काय असतं? कान! एडिसनचं प्रमाण आणि लायकाचं प्रमाण जुळत नाही, आणि भुर्दंड बसतो बारावीच्या पोराला. म्हणून फोटो काढतानाच चार पावलं मागे जाऊन, दोन्ही बाजूंना मोकळी पांढरी जागा सोडून काढा. कापायला काहीतरी बिनकामाचं ठेवा.

आता चौकोन. ज्यांच्या घरी जुने अल्बम आहेत त्यांनी काळे-पांढरे चौकोनी फोटो बघितले असतील. आपल्याकडे आग्फा क्लिक थ्री नावाचा स्वस्त कॅमेरा खूप चालायचा. १२० नंबरची फिल्म, एका रोलमध्ये बारा फोटो, प्रत्येक सहा बाय सहा सेंटिमीटर. चौकोनाचा फायदा असा की कॅमेरा आडवा की उभा हा विचारच करावा लागत नाही.

ऑक्टोबर २०१०मध्ये इन्स्टाग्राम आलं ते हाच चौकोन घेऊन. त्यांच्या डोळ्यासमोर कोडॅक इन्स्टामॅटिक आणि पोलरॉइड होते. सुरुवातीचा फोटो ६१२ बाय ६१२ पिक्सेल, मग ६४०, २०१५मध्ये १०८०. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आडवे-उभे फोटोही चालायला लागले. उभ्याची मर्यादा ४:५. तिथून आला तुमचा १०८० बाय १३५०.

टीव्ही उभा केला

उभ्या व्हिडिओवर आधी सगळे हसायचे. न्यूज चॅनेलवर कुणी पाठवलेला उभा व्हिडिओ आला की दोन्ही बाजूंना धूसर पट्टे लावायचे. आडवा धर की रे मोबाइल, असं प्रत्येक लग्नात कुणीतरी ओरडायचं.

पण हात जिंकला. मोबाइल माणूस उभाच धरतो. बसमध्ये एका हाताने दांडा, दुसऱ्या हातात फोन, आडवा करणार कसा? आधी स्नॅपचॅट, मग ऑगस्ट २०१६मध्ये इन्स्टा स्टोरी, फेब्रुवारी २०१७मध्ये व्हॉट्सॲप स्टेटस. त्याच सुमाराला, सप्टेंबर २०१६मध्ये, जिओ आलं आणि गावोगावी व्हिडिओ परवडायला लागला. मग टिकटॉक. २९ जून २०२०ला भारतात त्याच्यावर बंदी आली आणि आठवड्या-दोन आठवड्यांत इन्स्टाने इथे रील्स सुरू केलं. यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी सप्टेंबर २०२०मध्ये जगात सगळ्यात आधी भारतात घेतली.

माप काय घेतलं? १०८० बाय १९२०. तो रुंद टीव्ही, तोच उभा करून ठेवला. मेसेज करणाऱ्या मित्रा, हे तुझं उत्तर. तुझी रील म्हणजे चार भोकांच्या सिनेमाशी तडजोड करून ठरलेला टीव्ही, हाताच्या सोयीने उभा केलेला.

आणि किंमत? आडव्या १६:९ व्हिडिओतून उभा ९:१६ कापला की रुंदीतले जेमतेम ३२ टक्के उरतात. पावसाळ्यात सहस्रकुंडला जा. पैनगंगा पूर्ण रुंदीने कोसळत असते. रीलमध्ये त्यातली एकच धार दिसते. ज्याने प्रत्यक्ष बघितलं नाही त्याला वाटतं धबधबा तेवढाच आहे.

जानेवारी २०२५मध्ये इन्स्टाने प्रोफाइलचा ग्रिड चौकोनी होता तो उभा केला. ज्यांनी वर्षानुवर्षं चौकोनात मजकूर मावेल अशा पोस्ट केल्या होत्या, त्यांची दोन्हीकडची अक्षरं एका रात्रीत उडाली. विचारलं कुणी? नाही. डिक्सननेही कुणाला विचारलं नव्हतं.

आता कामाचं बोलू

प्लॅटफॉर्म मापं बदलत राहणार. आज पाठ केलेला आकडा दोन वर्षांनी शिळा होईल. तरी सध्याचे घ्या लिहून.

– रील, शॉर्ट, स्टोरी, स्टेटस: १०८० × १९२०.
– इन्स्टाची उभी पोस्ट: १०८० × १३५०. चौकोनी: १०८० × १०८०.
– यूट्यूबचा आडवा व्हिडिओ: १९२० × १०८०. थंबनेल: १२८० × ७२०. उजव्या खालच्या कोपऱ्यात काही लिहू नका, तिथे व्हिडिओची वेळ येऊन बसते.
– व्हॉट्सॲपचा डीपी: चौकोनी द्या, पण दिसणार गोल. चारही कोपरे जाणार हे धरून चाला.

आणि एक गणित, जे मला स्वतःला चकित करून गेलं. रील्सच्या जाहिरातींसाठी मेटाची सूचना आहे: वरचे १४ टक्के, खालचे ३५ टक्के, आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के मोकळे ठेवा, तिथे नाव, कॅप्शन, बटणं येतात. १०८० × १९२०मधून हे वजा करा. उरतं साधारण ९५० × ९७९. जवळजवळ चौकोन! उभं-आडवं करत एवढं फिरून, महत्त्वाचं काही ठेवायला सुरक्षित जागा उरली ती आग्फा क्लिकएवढीच.

म्हणून माझी पद्धत सांगतो. शूट करताना लांबून, मोकळी जागा सोडून शूट करा. मुख्य माणूस आणि मुख्य अक्षरं मधल्या चौकोनात ठेवा. एकाच डिझाइनमधून तीन मापं निघणार असतील तर तिन्ही आधी आखून घ्या, मग माणसं बसवा. ऑटो-क्रॉपवर विश्वास ठेवू नका. त्याला मधला चेहरा दिसतो, काठावरचा मामा दिसत नाही. ग्रुप फोटो उभ्यात बसत नसेल तर कापू नका. वर-खाली पट्टी येऊ द्या, नाहीतर फोटो डावीकडून उजवीकडे हळू सरकवा, म्हणजे सगळे येतात. पट्टी आली म्हणून आता कुणी टीव्ही बिघडला म्हणत नाही.

आणि एक्स्पोर्ट करण्याआधी पाच सेकंद चारही कोपरे बघा. मधलं बघायची गरज नाही, मधलं कुणी कापत नाही.

त्या दुकानातलं काम सोडून मला आता बरीच वर्षं झाली. तो पोरगा पुन्हा भेटला नाही, त्याचं नावही मी तेव्हा विचारलं नव्हतं. शुभेच्छुकांच्या यादीत होतं ते, मीच टाइप केलेलं. आठवत नाही.

तुमच्यासाठी एक काम. घरातला एखादा जुना ग्रुप फोटो काढा. लग्नातला, शाळेतला, शेतातला. मोबाइलवर टाकायच्या आधी आईला किंवा आजीला दाखवा आणि अगदी डावीकडचं आणि अगदी उजवीकडचं माणूस कोण ते विचारा. मधल्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. काठावरचं नाव कळलं तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि कोपरे सांभाळा.